कूलरवरचं कोहळं

नागपूरचा फेब्रुवारी म्हणजे कपाट उघडझाप करायचा महिना. सकाळी स्वेटर काढा, अकराला तोच स्वेटर परत घडी करून ठेवा, दुपारी पंखा पाचवर, आणि मध्यरात्री तो पंखा बंद करायला कोणी उठायचं यावरून नवराबायकोत झोपेचं सोंग घ्यायची स्पर्धा. हे नेहमीचंच आहे. पण हल्ली हा महिना डायरेक्ट एप्रिलसारखा वागून राहिलाय. आधी मला वाटलं वय झालं आपलं, म्हणून गरम होते, पण नाही, हवामान खात्यानेच सांगितलं की १९०१ पासूनच्या नोंदींमधे देशात दिवसाच्या कमाल तापमानाच्या हिशोबाने २०२३ चा फेब्रुवारी सगळ्यात गरम होता, आणि मग २०२५ च्या फेब्रुवारीने सरासरी तापमानाचा रेकॉर्ड मोडला. म्हणजे सव्वाशे वर्षांत झालं नाही ते नेमकं मी टेरेस गार्डन करायला घेतल्यावर!

झालं असं की जानेवारीच्या शेवटी एक व्हिडिओ पाहिला, कुठल्यातरी थंड गावची बाई होती, लेट्यूस तोडून थेट प्लेटमधे ठेवत होती, आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी नर्सरीतून लेट्यूस, फुलकोबी, पॅन्सी, पेट्युनिया आणि स्ट्रॉबेरीची दोन रोपं घेऊन आले. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, पूर्ण सीझन चालते." कोणाचा सीझन ते त्याने सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

पंधरा-वीस दिवस सगळं छान. मग एका आठवड्यात ऊन असं काही तापलं की लेट्यूसने पानं वाढवायची सोडून मधून एक दांडा काढला आणि तो रोज चार बोटं वर. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, हे तुह्या कोशिंबिरीचं झाड मोबाइलचा टॉवर होऊन राहिलं काय?" तरी हट्टाने सॅलड केलं. नवऱ्याने एक घास खाल्ला, शांतपणे पाणी प्यायला आणि विचारलं, पाडवा तर पुढच्या महिन्यात आहे न, कडुनिंब आतापासूनच का?

फुलकोबीची पानं सुपाएवढी झाली आणि मधलं फूल सुपारीएवढं. पॅन्सीच्या फुलात चेहरा दिसतो म्हणतात, आमच्या पॅन्सीचा चेहरा तिसऱ्या पंगतीतही जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा. स्ट्रॉबेरीबद्दल मी बोलणार नाही. सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, पांढरी फुलं आली तेव्हा मी रडकुंडीला आले, सासूबाई मात्र खूष, म्हणे धने होतील घरचे. झाले पण. दीड मूठ.

सगळ्यात मोठा पराक्रम मात्र माझा स्वतःचा. पानं माना टाकून बसलेली बघून भर दुपारी दोन वाजता पाणी द्यायला गेले. टाकी उन्हात, पाइप उन्हात, कुंड्या काळ्या प्लास्टिकच्या, त्या तर चुलीवरच्या तव्यासारख्या तापलेल्या, आणि खाली टाइल्स अशा की मी चप्पल विसरल्यामुळे पूर्ण बाग नाचत नाचतच शिंपली. तीन कुंड्या झाल्यावर पाइपचं पाणी हातावर पडलं तेव्हा कळलं की आपण झाडांना पाणी देत नाही आहोत, वरण शिजवायचं आधण ओतून राहिलो आहोत.

तेवढ्यात काटोलहून सासूबाईंचे भाऊ आले, मामांची संत्र्याची बाग आहे. त्यांनी माझ्या कुंड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हे पाय सूनबाई, आंबिया बहार, म्हंजे उन्हाळ्याआधीचा फुलोरा, पाहिजे असंल तर आमी डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतो, झाडाले ताण देतो. मंग पाणी सोडलं का फूल येते. तू तं झाडाले रोज पाणी देऊन राहिली अन् ताण सोता घेऊन राहिली." मग त्यांचाही चेहरा उतरला, कारण ऊन असंच राहिलं तर त्यांच्या बहाराची बारीक फळं गळतात, आणि तिथे पाच कुंड्या नाहीत, पाच एकर आहेत. चहा पिता पिता मी स्ट्रॉबेरीचं दुःख मुकाट्याने आवरतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी जुन्या हॉर्लिक्सच्या बरणीतून भेंडी, गवार आणि चवळीचं बी काढलं, भेंडी रात्रभर भिजवली, आणि माझ्या लेट्यूसची कुंडी मला न विचारता रिकामी केली. आठवड्याच्या आत भेंडी वर! थंडीत हेच बी मातीत रुसून बसते, कधी कुजूनही जाते, आणि आता बघा, मी घामाघूम आणि भेंडी मजेत. सदाफुली, बोगनवेल, मोगरा यांना तर मी कधी विचारतही नव्हते, तेच आता कोपऱ्यात ऐटीत उभे. ही मंडळी आधीपासूनच तिथे होती, मीच बाहेरचे पाहुणे बोलावत बसले होते.

पण खरा हिरो वेगळाच निघाला. खताच्या बादलीत फेकलेल्या बियांतून एक कोहळं उगवलं, लाल भोपळा म्हणतात पुण्यामुंबईकडे, आणि त्याचा वेल महिन्याभरात टेरेसवरच्या कूलरवर चढला. पहिले आठ-दहा दिवस नुसती नर फुलं, मी रोज मोजायचे, मग एक मादी फूल आलं, खाली चिमुकली गाठ असलेलं, आणि सकाळी सातला मी स्वतः नर फूल तोडून तिच्यावर पराग लावून आले. लागलं! मुठीएवढं झालंय आता.

इथे नवऱ्याचा पारा चढलाय. कूलर खाली आणायचा आहे, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आहेत, होळीआधी सुरू पाहिजे म्हणतो. मी म्हटलं वेल ओढला की फळ गेलं, दीड महिना तरी थांब. तो म्हणाला दीड महिन्यात मीच पिकेन. सासूबाईंनी काल मधला मार्ग काढला, कूलर आहे तिथेच वर चालू करायचा आणि आपण सगळ्यांनी गाद्या घेऊन टेरेसवर झोपायला जायचं. कोहळ्याच्या अंगावर मात्र डायरेक्ट हवा येऊ द्यायची नाही.