टेलिस्क्रीन राहू दे, चॉकलेटचं बघ

मावसभावाने परवा घरच्या ग्रुपवर एक मजकूर ढकलला. तोच मला त्या दिवशी आणखी चौघांकडून आला. सार असं: इंग्रज लेखक ऑरवेलने '1984' या कादंबरीत आजचं जग जसंच्या तसं वर्तवलं. आपला मोबाइल हाच त्याचा टेलिस्क्रीन, म्हणजे घरातल्या माणसावर पाळत ठेवणारा पडदा. अशा सगळ्या कादंबऱ्यांत हुकूमशाही म्हणजे पाळतीचा कॅमेरा आणि पुस्तकं जाळणारं सरकार. पण हे सगळं तिकडचं, आमच्या सुशेगाद गोव्याला त्याचं काय? आणि शेवटी ऑरवेलच्या नावावर एक वाक्य, खोटेपणाच्या काळात खरं बोलणं हीच क्रांती. खाली भावाची ओळ: 'दादा, मत सांग.' सांगतो.

शेवटचं आधी घेतो. ते वाक्य ऑरवेलच्या लिखाणात कुठेही सापडत नाही. जुनी वर्तमानपत्रं सोयीप्रमाणे बदलून ठेवणारं सरकारी खातं ज्याने रंगवलं, त्याच्याच तोंडी तो न बोललेली वाक्यं घालायची, म्हणजे कमालच.

भविष्यवाणीचं म्हणाल तर पुस्तक आलं जून 1949 मध्ये, आणि त्यातला बराचसा ऐवज लेखकाने आधीच पाहिलेला होता: स्टालिनचा रशिया, युद्धकाळातलं रेशन, बीबीसीतली नोकरी. स्पेनच्या यादवीत तो स्वतः लढला आणि जिथे गोळीही झाडली गेली नव्हती तिथल्या मोठमोठ्या लढायांच्या बातम्या त्याने वाचल्या. पंचांग मांडून बसायची त्याला गरजच नव्हती.

आता टेलिस्क्रीन. भिंतीवर तो आहे खरा. आवाज कमी करता येतो, बंद मात्र करता येत नाही. पण त्याच पुस्तकात लोकसंख्येच्या 85 टक्के कष्टकरी आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीनच नाही! त्यांच्यावर डोळा ठेवायची सत्ताधारी पक्षाला गरज वाटत नाही. मग पकड कशावर आहे? मला विचाराल तर चॉकलेटवर. रेशन आठवड्याला 30 ग्रॅमवरून 20 वर येणार, अशी घोषणा होते. 'यंदा कपात नाही' असं आश्वासन आधी दिलेलं असतं, म्हणून नायक विन्स्टन कचेरीत बसून जुन्या कागदांतलं ते आश्वासनच बदलतो. घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी कॅन्टीनमध्ये जेवताना त्याच्या कानावर येतं की रेशन 20 ग्रॅमपर्यंत *वाढवल्याबद्दल* लोकांनी आभाराचे मोर्चे काढले. समोरचा शेजारी मान डोलावतो, आणि त्याला खरोखर पटलेलंही असतं. इथे कॅमेरा काय करणार? कालचा आकडा आठवणारा माणूसच उरला नाही की झालं.

पुस्तकं सरकारच जाळतं, हेही पुरतं खरं नाही. 'फॅरनहाइट 451' (1953) मध्ये आग लावणाऱ्या पथकाचा प्रमुख स्वतःच सांगतो की याची सुरुवात सरकारी फतव्याने झाली नाही. लोकांनाच सगळं छोटं, झटपट आणि कुणालाही न बोचणारं हवं होतं. हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (1932) या कादंबरीत तर दंगल झाली की पोलीस सोमा नावाच्या गुंगीच्या औषधाची वाफ फवारतात, आणि दंगेखोर रडत एकमेकांच्या गळ्यात पडतात.

राहिलं 'हे सगळं तिकडचं'. हे मात्र मला लागलं. ऑरवेलच्या पक्षाला जुनी भाषा पुसून न्यूस्पीक ही आपली नवी भाषा रुजवायला 2050 साल उजाडेल असं वाटतं. गोव्याचा व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, याने 1684 मध्ये फर्मान काढलं की इथल्या लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीजच बोलावं. मुदत? तीन वर्षं. कादंबरीतला पक्ष त्या मानाने धीराचा म्हणायचा.

आणि हे काही फार जुन्या काळापुरतं नव्हतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत इथे काहीही छापायचं तर आधी सेन्सॉरची मंजुरी लागे. लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. आमच्या आजीच्या लग्नाची पत्रिका अशीच तपासून आलेली. वर 'श्री शांतादुर्गा प्रसन्न', खाली मुहूर्त, मग 'सहकुटुंब यावे'. यात कसलं बंड दडलंय म्हणून कुणीतरी चष्मा लावून ती ओळ न् ओळ वाचली असणार! आजी सांगायची, मसुदा परत येईना, मुहूर्त जवळ आला, आणि पणजोबा रोज छापखान्यात खेपा घालत होते. शेवटी अर्ध्या गावाला आमंत्रण तोंडीच गेलं. त्याच राजवटीविरुद्ध 1955 पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे हद्दीपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवत होते. टेलिस्क्रीनच्या अगदी उलट यंत्र म्हणा ना: बोलायचं, पण कुणाला दिसायचं नाही.

तेव्हा बाबू, तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर निदान खालचं वाक्य तेवढं काढ. आजीची पत्रिका अजून पेटीत आहे, कडा वाळवीने खाल्ल्यात. चवथीला येशील तेव्हा दाखवतो.