लोणारच्या गाळातील पर्णमेणाविषयी खुलासा
लोणार सरोवराच्या गाळातील पानांच्या मेणावरून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस मिलिमीटरमध्ये सांगता येतो, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो बरोबर नाही. मेणात टिकून राहिलेले ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे प्रमाण वनस्पतीने शोषलेल्या पाण्याचा माग देते, पर्जन्यमापकाची नोंद नव्हे. उष्ण प्रदेशात पाऊस वाढला की हे प्रमाण बहुधा घटते, हे खरे. परंतु बाष्प अरबी समुद्रातून आले की बंगालच्या उपसागरातून, जमिनीतून व पानांतून किती पाणी उडाले, तसेच परिसरात गवत अधिक होते की झाडे, यांनुसारही ते बदलते. लोणारच्या अभ्यासकांनीही बाष्पाचा स्रोत बदलल्याची शक्यता गांभीर्याने विचारात घेतली आहे, आणि ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते. ओल्या व कोरड्या कालखंडांतील फरक मात्र, कार्बनची समस्थानिके (म्हणजे कार्बनचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि परागकण यांच्या जोडीने, या मेणातून निश्चित वाचता येतो.