चोवीस तास पंगत

पुण्याला समुद्र नाही, म्हणून मी कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर काचेच्या टाकीत १२० लिटर समुद्र आणून ठेवला.

टणक प्रवाळांच्या वाटेला मी जात नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून त्यांना पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या रांगेत बसवलंय. राहिले मऊ प्रवाळ. त्यातले झोॲन्थिड, मशरूम वगैरे गुणी. अंगात सूक्ष्म शैवालं भाडेकरू ठेवतात. ती दिव्याच्या उजेडावर स्वयंपाक करतात आणि मालकालाही वाढतात. (असा भाडेकरू कोथरूडात मिळाल्याचं ऐकिवात नाही.)

पण मला कार्नेशन हवं होतं. म्हणजे डेंड्रोनेफ्थिया नावाचं मऊ प्रवाळ. काचेसारखं खोड, आत पांढऱ्या सुया रुतलेल्या दिसतात, वर गुलाबी तुरे. दुकानदार म्हणाला, "खायला घालावं लागतं हं." ते सगळ्यांनाच घालावं लागतं, असं मला वाटलं.

याच्याकडे भाडेकरू नाहीत. प्रवाहातून वाहत येईल ते बारीक प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, टिपायचं, आणि तेही दिवसरात्र. मी रात्री दोनचा गजर लावून ड्रॉपरने हिरवं प्लवक सोडू लागलो. माझ्या मुंजीतही मला कुणी इतक्या आग्रहाने वाढलं नव्हतं. प्लवकाची बाटली फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या चटणीशेजारी असायची. शेजारच्या काकांनी सँडविच उघडून वास घेतला त्या दिवसापासून तिच्यावर आईच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'ही चटणी नव्हे. पाहुण्यांनी विचारल्याशिवाय लावू नये.'

घातलेलं सगळं ते खाईना. उरलेलं कुजायचं, नायट्रेट चढायचं, की पाणी बदला. १२ लिटर बदलायचं तर आरओ बादलीभर चांगल्या पाण्यामागे तीन बादल्या वाया घालवणार. आमच्या घरची फरशी त्या महिन्यात इतकी पुसली गेली की चकाकायला लागली. मग वजनकाट्यावर सव्वाचारशे ग्रॅम मीठ.

"आमटी अळणी झाली तर तुला कळत नाही," आई म्हणाली, "आणि इथे ग्रॅमचा हिशेब!" तिने बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं. "जास्त झालंय."

खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने ३७ दाखवलं. हवं होतं ३५.

एप्रिलमध्ये टाकी ३१ अंशांवर गेली. चिलरची किंमत ऐकून मी टेबलफॅनच लावला. पुण्याच्या कोरड्या हवेत पाणी चटकन गार होतं, तितक्याच चटकन उडूनही जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, त्यामुळे भर घालायची ती गोड्या पाण्याची. "समुद्रात गोडं पाणी?" काका म्हणाले. त्यांना मी बाष्पीभवन समजावलं. त्यांनी मला मंगळासाठी पोवळ्याची अंगठी सुचवली.

घात गुरुवारी झाला. पाणी बंद असणार हे माहीत होतं. वीजही गेली, आणि इन्व्हर्टरने तासाभरात मान टाकली. प्रवाह थांबला. संध्याकाळी कार्नेशन हवा गेलेल्या फुग्यासारखं दगडावर पडलं होतं. पुढचे आठ दिवस मी दोनला उठत राहिलो. ते काही पुन्हा फुललं नाही. झोॲन्थिड मात्र त्याच्या उष्ट्यावर दुप्पट झाले.

परवा दुकानदाराचा फोन आला. "साहेब, केशरी कार्नेशन आलंय. एकच आहे."

मी विचारणार इतक्यात आई आतून ओरडली, "गुरुवारचा उपास करतं का विचार आधी!"