६४१ केवळ चिकाटीने सापडला असता का?

सप्रेम नमस्कार.

४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २ च्या ३२व्या घातात १ मिळवून येणारी संख्या, मूळ नाही, तिला ६४१ ने भाग जातो, हे गणिती ऑयलरने दाखवले; या विषयावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला असा की, ६४१ ही ११६वी मूळ संख्या असल्यामुळे ओळीने भागत जाणाऱ्या कोणालाही हा विभाजक दिवसाभरात सापडला असता, म्हणून ऑयलरची स्तुती अनाठायी आहे. दुसरा असा की, मी दिलेली सिद्धता उत्तर आधी ठाऊक असल्याशिवाय सुचणारच नाही.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ६४१ म्हणजे ६२५ + १६, आणि ५ × १२८ + १ सुद्धा. या दोन रूपांवरून भाग निःशेष जातो हे दोन ओळींत दिसते, परंतु ती पडताळणी आहे, शोध नव्हे, आणि हा भेद मी लेखात स्पष्ट करायला हवा होता.

पहिल्या आक्षेपातही तथ्य आहे. १७३२ च्या टिपणात ऑयलरने ६४१ कसा मिळाला ते लिहिलेले नाही; त्यामागचे कारण त्याने नंतर मांडले. पण ते कारणच मला मोलाचे वाटते. समजा, 'प' या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. मग 'प'ने भागल्यावर २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १ आणि ६४व्या घाताची बाकी १ येते, म्हणजे बाकी १ देणारा सर्वांत लहान घातांक ६४ हाच ठरतो. सतराव्या शतकातील गणिती फर्मा याच्या छोट्या प्रमेयानुसार 'प' वजा १ या घातांकालाही बाकी १ च येते, म्हणून 'प' वजा १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकाराला उत्तर हाती येते. या रूपाच्या, म्हणजे २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीने वाढवत घेऊन त्या घातात १ मिळवून येणाऱ्या, सर्व संख्या मूळ असाव्यात असे फर्माने १६४० मध्ये पत्रातून कळवले होते, आणि तो समज मोडणारे प्रमेयही त्याच वर्षीच्या त्याच्याच पत्रात आहे, याचे मला आजही नवल वाटते.

चिकाटीची खरी परीक्षा मात्र ६४१ ने भागून उरणाऱ्या दुसऱ्या अवयवापाशी, म्हणजे ६७,००,४१७ पाशी होते. तो मूळ आहे हे ओळीने भागून ठरवायचे तर २,५८८ पर्यंतच्या साडेतीनशेहून अधिक मूळ संख्या तपासाव्या लागतात. पण या अवयवाचा प्रत्येक विभाजक आपल्या संख्येचाही विभाजक असतो, आणि १८७८ मध्ये गणिती ल्यूकाने वरच्या अटीत ६४ च्या जागी १२८ घेता येतात हे दाखवले, त्यामुळे २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच उरतात. त्यातही २५७ ने ४,२९,४९,६७,२९७ ला भागल्यास बाकी २ येते, म्हणून ती आपोआप गळते. ६७,००,४१७ ला उरलेल्या चार संख्यांनी भागल्यावर बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. आपल्या आक्षेपामुळे हे चारही भागाकार मी लेखात जोडत आहे.