नातूंना शिव्या देऊन झाल्या असतील, तर थोडं हिशेबाचं बोलू

१७ नोव्हेंबर जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला फॉरवर्ड फिरायला लागतो. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवणारा बाळाजीपंत नातू, घरभेदी, फितूर, वगैरे वगैरे. तासाभरात खालची गाडी जातीवर येते आणि मग ग्रुपचा अ‍ॅडमिन हात जोडतो.

मला नातूंची वकिली करायची नाही. १८१७ साली त्यांनी जे केलं ते केलंच. पुढे १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून उतरवलं, त्या प्रकरणातही हे गृहस्थ होतेच. पण एका माणसाच्या नावानं बोटं मोडली की आपला मराठी राज्याच्या शेवटाचा अभ्यास संपतो, याचा मला खरंच वैताग आलाय. पुणं कुणा एकानं एका रात्रीत विकलं नाही. पंधरा वर्षं ते थोडं थोडं, वेळच्या वेळी पैसे मोजून आणि पावती घेऊन, विकत घेतलं जात होतं.

१८०४ साली आर्थर वेलस्लीनं जॉन माल्कम या कंपनीच्या अधिकाऱ्याला लिहिलेलं एक पत्र आहे. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. पत्रातल्या मजकुराचा मथितार्थ असा: पेशव्याला मंत्री असे नाहीतच, सगळं तो स्वतःच आहे आणि जे आहे ते सगळं क्षुद्र आहे. तरीही त्याचे मंत्री म्हणवणाऱ्यांना आपण पैसे द्यावेत. हैदराबादेत देतो ते तिथला कारभार आपल्या सोयीनं चालावा म्हणून. पुण्यात द्यायचे ते पेशव्याच्या आतल्या खलबतांत काय शिजतंय ते कळावं आणि गरज पडली तर त्याला वेळेत अडवता यावं म्हणून.

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्यात राग नाही, कट रचल्याचा आव नाही. गोदामाचं भाडं मंजूर करावं तितक्या थंड डोक्यानं खर्चाची दोन खाती पाडलेली आहेत. एका दरबारात वजन विकत घ्यायचं, दुसऱ्यात बातमी. कुठे कशाची गरज आहे हेही आधीच जोखलेलं. आपण फितुरी शोधतो ती माणसांच्या स्वभावात, आणि ते लोक ती खर्चाच्या बाबींत मांडत होते.

आता जरा मागे जाऊ. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानं दुसऱ्या बाजीरावानं सहा हजार पायदळाची तैनाती फौज (आपल्या खर्चानं पोसायची, पण इंग्रजांच्या हुकमातली) पदरात घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या वसुलाचा मुलूख तोडून दिला. म्हणजे पुण्याच्या उरावर बसलेली फौज पुण्याच्याच रयतेच्या पैशावर पोसलेली. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेंटाचा, म्हणजे कंपनीच्या दरबारी वकिलाचा, बंगला होता तो आधीच्या रेसिडेंट मॅलेटच्या काळापासून. वसईनंतर मात्र त्या बंगल्यामागे फौज उभी राहिली. तिथे जाऊन काही सांगणाऱ्याला आता नुसते पैसे मिळत नव्हते, संरक्षणही मिळत होतं.

पैशानं काय काय झालं पाहा. बाजीरावाचा भाऊ अमृतराव (राघोबादादांचा दत्तक मुलगा) होळकरांनी पुणं घेतलं तेव्हा तिथला कारभार पाहत होता. त्याला वेलस्लीनं १८०३ मध्ये सालिना सात लाखांच्या नेमणुकीवर आपल्या बाजूला घेतलं. पुढे तो बुंदेलखंडात कर्वीला जाऊन राहिला. एक हयात पर्याय कायमचा पटावरून गेला. आणि पेशवाईचा कारभारी नाना फडणवीस? इंग्रजांवर आयुष्यभर विश्वास न ठेवलेला माणूस. त्याच्या विधवेला, जिऊबाईंना, बाजीरावाच्या तावडीतून वाचायला शेवटी इंग्रजांचाच आसरा घ्यावा लागला. १२ हजारांची सालिना पेन्शन आणि पनवेलला मुक्काम. यात जिऊबाईंची चूक मला तरी दिसत नाही. ज्या राज्यात नानाच्या बायकोला धन्याची भीती वाटते, तिथल्या एखाद्या कारकुनानं संगमावर जाऊन दोन गोष्टी सांगितल्या तर त्याला कुठल्या तोंडानं हरामखोर म्हणायचं?

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. इंग्रजांकडे पैसा फार होता म्हणून ते जिंकले, हे अर्धंच खरं. बाजीरावाकडेही रग्गड होता. पण बाजीरावाचं दिलेलं टिकत नसे. आज सरंजाम (चाकरीबद्दल दिलेला मुलूख), उद्या जप्ती. रास्ते या सरदारांची जहागीर त्यानं खालसा केली, आणि नातू मूळचे या रास्त्यांच्याच पदरचे. सांगली-मिरजेच्या पटवर्धनांवर तर त्याचा पहिल्यापासून डोळा. १८१२ मध्ये पंढरपुरास पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टननं मध्यस्थी करून पेशवा आणि दक्षिणेतले जहागीरदार यांच्यात करार घडवला. जहागीरदारांनी पेशव्याची चाकरी करायची, आणि पेशव्यानं त्यांच्या सरंजामाला हात लावायचा नाही, याची हमी इंग्रजांची. त्या दिवसापासून सांगली-मिरजेकडच्यांचं लक्ष शनिवारवाड्यापेक्षा संगमाकडे जास्त. एकही रुपया लाच म्हणून न देता केलेली ही खरेदी मला सगळ्यांत अचाट वाटते.

विकत घेतलेली बातमी नेहमी खरी निघे असंही नाही हं. २३ सप्टेंबर १८०३, असईची लढाई. हरकाऱ्यांनी (बातमी आणणाऱ्या जासुदांनी) वेलस्लीला सांगितलं, शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनला आहे. प्रत्यक्षात ती बरीच अलीकडे, केळना नदीच्या काठी उभी होती. वाटाड्यांनी आणखी सांगितलं की जवळपास उतार नाही. वेलस्लीनं पाहिलं, नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत, मग मधे उतार असणारच. होताच. त्या दिवशी पगारी बातमीपेक्षा त्याचे डोळे कामाला आले. सोबत तेविशीतला एल्फिन्स्टन होता. हेर पोसायचे, पण एकाच्या बातमीवर विसंबायचं नाही, हे पुढे पुण्यात त्यानं पुरेपूर वापरलं.

आणि मग ठाण्याचा किल्ला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनानंतर बाजीरावाचा मर्जीतला त्रिंबकजी डेंगळे तिथे कैदेत. देशी शिपाई फोडता येईल म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा ठेवलेला. लाच चालायची सोयच काढून टाकली! तर म्हणे खिडकीखाली घोडा फिरवणारा एक मोतद्दार मराठीत गाणी म्हणत असे, आणि त्या गाण्यांतच पळून जायचा सगळा बेत. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार. गाण्याची कथा बिशप हेबरनं लिहून ठेवलेली, तीत मीठमसाला किती ते देव जाणे. पळाला हे मात्र पक्कं. आपल्याकडे हुशारी नव्हती असं कुणी म्हणू नये.

१८१७ च्या पावसाळ्यानंतर बाजीरावानंही थैल्या सोडल्या. कंपनीचे शिपाई फोडायचे, जमलं तर गोरे अधिकारीसुद्धा. पण ज्या यशवंतराव घोरपड्याला या कामात घेतलं, त्यानंच सगळं एल्फिन्स्टनला कळवलं. हे नाव किती जणांना ठाऊक आहे? नातूंचा फॉरवर्ड येतो, घोरपड्यांचा येत नाही.

त्याहून बोचरी गोष्ट कॅप्टन फोर्डच्या पलटणीची. ती पेशव्यांच्या नावची, पेशव्यांच्या पैशानं उभी केलेली, दापोडीला छावणी. ५ नोव्हेंबरला खडकीवर तोंड लागलं तेव्हा ही पलटण येऊन मिळाली ती इंग्रजांना. बाजीरावाकडून जरीपटका (मराठ्यांचं निशाण) घेऊन चालून गेलेले मोरो दीक्षित या फोर्डचे स्नेही. कुणीही जिंकलं तरी एकमेकांच्या बायकामुलांना जपायचं, असा दोघांत शब्द झालेला. दीक्षित पडले ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफेनं. त्याच दिवशी संगमावरचा रेसिडेंटाचा बंगला जाळला गेला, त्यात एल्फिन्स्टनची पुस्तकं आणि कागद खाक झाले. किती खबऱ्यांची नावं त्या आगीमुळे उघड व्हायची राहिली, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जिंकल्यावरही खर्च थांबला नाही, फक्त खातं बदललं. ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात एल्फिन्स्टननं वतनं, इनामं, देवस्थानं, वर्षासनं चालू ठेवण्याचं वचन दिलं. पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यातले ब्राह्मण बिथरतील, म्हणून ५० हजारांवर आणून चालू ठेवली आणि तिच्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. माल्कमला शरण आलेल्या बाजीरावाला कानपूरजवळ बिठूरला आठ लाख सालिना. माल्कमनं जास्त दिले म्हणून त्याचेच वरिष्ठ कुरकुरले. १८२७ च्या कायद्यानं दख्खनच्या सरदारांचे पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग पाडले, आणि आपल्या सरदारांना आपण कितव्या वर्गात याचीच काळजी लागून राहिली.

मग सत्ता पक्की झाली आणि दर उतरले. १८५१ मध्ये बाजीराव गेला, त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब यांची पेन्शन नामंजूर. १८५२ पासून इनाम कमिशन (इनामांचे हक्क तपासणारं सरकारी मंडळ) दारोदार सनदा मागायला लागलं. शिक्का नाही, नोंद नाही, तारीख जुळत नाही, म्हणून इनामं गेली. आजोबांनी पेशव्याच्या जप्तीला कंटाळून ज्यांच्या हमीवर भरवसा ठेवला, त्यांचेच कारकून नातवाच्या दारात दप्तर उघडून बसले.

ज्यांच्या घरी इनाम कमिशनचे निकाल किंवा जुन्या नेमणुकीचे मोडीतले कागद असतील त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा. मोडी वाचून देणारे मित्र यादीत आहेत. आणि जातीवर उतरणाऱ्या कमेंट मी न वाचता उडवणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.