जेफे कोण?

शुक्रवारी संध्याकाळी, हिंजवडीतून घरी जाणाऱ्या बसेस भरत असताना, क्लायंटने पाठवलेले सिक्युरिटी ऑडिटर माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हा एचएमॅक जरा डिक्रिप्ट करून दाखवा."

"सर, तो डिक्रिप्ट होत नाही."

"का? लायसन्स संपलंय?"

ज्यांना हसू आलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिक्रिप्ट म्हणजे लपवलेला मजकूर उलगडणं. एचएमॅक हा लपवलेला मजकूर नव्हेच; मेसेज खरा आहे का हे ताडायचा तो शिक्का. आपल्याकडची गुप्त की (किल्ली) घ्यायची, ती शून्यं जोडून ६४ बाइटची करायची, प्रत्येक बाइट हेक्समधल्या ३६शी एक्सऑर करायचा (म्हणजे बिट-बिट मिसळायचा), त्यापुढे मेसेज जोडून हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा, काढायचा. मग मूळ की ५सीशी एक्सऑर करायची, तिच्यापुढे तो हॅश जोडायचा आणि पुन्हा हॅश काढायचा. हॅश काढायची रीत एसएचए-२५६ असेल तर हातात ३२ बाइट पडतात, मग मेसेज दोन अक्षरांचा असो की सोसायटीच्या सभेचं अख्खं इतिवृत्त. समोरचाही त्याच कीने हेच करतो. जुळलं तर मेसेज खरा, वाटेत कोणी हात लावलेला नाही. परत मेसेजकडे जायला रस्ताच नाही. बेलारे, कॅनेटी आणि क्रॉचिक या तिघांनी १९९६ साली हे मांडलं, १९९७ मध्ये ते आरएफसी २१०४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून आलं आणि तेव्हापासून त्या गणिताने कोणाला त्रास दिलेला नाही.

त्रास देते ती लायब्ररी, म्हणजे हे गणित करून देणारा तयार कोड. ओपनएसएसएल नावाच्या आमच्या लायब्ररीने २०१६ साली १.१.० काढताना एचएमॅकचं कॉन्टेक्स्ट स्ट्रक्चर (हिशेबाची मधली माहिती ठेवायचा साचा) झाकून टाकलं, त्याबरोबर ते स्टॅकवर सरळ डिक्लेअर केलेले सगळे जुने कोड कंपाइल व्हायचे बंद. ते निस्तरेपर्यंत २०२१चं ३.० आलं: आता ती फंक्शन्सच जुनाट, ईव्हीपी मॅक ही नवी फंक्शन्स वापरा. म्हणजे आधी मॅक फेच करा, मग त्याचा कॉन्टेक्स्ट काढा, मग पॅरामीटरचा ॲरे भरा आणि त्यात हॅशचं नाव चक्क स्ट्रिंग म्हणून लिहा. पूर्वी नावात चूक झाली तर कंपायलर तिथल्या तिथे ओरडायचा. आता प्रोग्राम चालू झाल्यावर कळतं, तेही रिटर्न व्हॅल्यू तपासली तर. असो. हे दुःख निदान तर्काला धरून आहे.

ऑडिटरसाहेब मात्र टेस्टच्या फाइलपर्यंत पोचले होते.

"हे जेफे कोण?"

आता, त्या आरएफसीमध्येच पडताळणीसाठी नमुने दिलेले आहेत. त्यातल्या एकाची की आहे 'जेफे', इंग्रजीत चार अक्षरी, आणि मेसेजचा अर्थ साधारण असा की 'फुकटात आणखी काय हवंय तुला?' एसएचए-२५६चे नमुने पुढे आरएफसी ४२३१मध्ये आले, तिथेही हीच जोडी. उत्तर ५बीडीसीसी१४६ने सुरू झालं, की समजायचं आपला कोड बरोबर.

मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि ॲक्सेस लिस्ट उघडली.

"यात जेफे नाहीत."

"सर, ते माणूस नाहीत."

"मग सर्व्हिस अकाउंट आहे?"

"नाही हो सर, नुसती टेस्टची की आहे. जगभर सगळे हीच वापरतात."

"म्हणजे शेअर्ड क्रेडेन्शियल!" आणि ते भराभर टाइप करू लागले. मग मान वर न करता म्हणाले, "आणि ते फुकटात काय हवंय वगैरे काढा. क्लायंटसमोर ही भाषा बरी दिसत नाही. 'हाऊ मे आय हेल्प यू' टाका."

"एक अक्षर बदललं तरी उत्तर बदलेल, सर."

"मग उत्तरही बदला ना. एडिट राइट्स आहेत ना तुम्हाला?"

आमचे मॅनेजर मघापासून शेजारी उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "अरे, कर ना ॲडजस्ट."

इथपर्यंत मी ही गंमत म्हणून लोकांना सांगतो. पण त्यांच्या एक्सेल शीटमध्ये एक रकाना होता, 'प्रॉडक्शन की (व्हॅल्यू)', आणि तो भरल्याशिवाय शीट पुढे सरकत नव्हती. सगळा डोलारा ज्या एका गुपितावर उभा आहे, ते रकान्यात लिहून मेल करायचं. "शीटला पासवर्ड आहे," ते म्हणाले. पासवर्ड त्याच मेलच्या तळाशी होता. उलट, आलेला एचएमॅक ताडून बघताना आम्ही बाइट जुळवून बघायचं साधं फंक्शन मेमसीएमपी वापरतो, की त्याचं सुरक्षित भावंड क्रिप्टो_मेमसीएमपी, हे कुठेच विचारलेलं नव्हतं. साधं फंक्शन पहिल्या चुकीच्या बाइटला थांबू शकतं आणि लागलेल्या वेळेवरून हल्लेखोराला एकेक बाइट हुडकण्याची सोय होते. खरं भोक हे. पण त्याला रकाना नाही, म्हणून ते भोक नाही. अशा शीटा भरून मिळालेली प्रमाणपत्रं लोक रिसेप्शनमध्ये फ्रेम करून लावतात, आणि आपण त्यांना आपल्या कार्डाचा नंबर देतो.

मी तो रकाना भरला नाही. "असहकार" असा शेरा मिळाला.

सोमवारी रिपोर्ट आला. गंभीर निष्कर्ष एकच: जेफे नावाचा अनधिकृत वापरकर्ता, जबाबदार व्यक्ती मी, ॲक्सेस महिनाअखेरीपर्यंत बंद करावा. मी सविस्तर उत्तर लिहिलं, आरएफसीचा क्रमांक दिला, नमुना जोडला. त्यावर आज एचआरचा मेल आलाय. जेफे यांचा शेवटचा कामाचा दिवस कोणता, आणि त्यांचा लॅपटॉप जमा झालाय का, असं विचारलंय.