टँकर : अर्थ, उच्चार आणि वापर

टँकर हा इंग्रजी शब्द नीट शिकायचा असेल तर लंडनला जाऊ नका. चैत्र लागला की लातूर-बीडकडं या. शिकवणी फुकट, फक्त घागर घरची आणा.

आधी व्युत्पत्ती पाठ करा, रांगेत तेवढाच वेळ जातो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथं आलेले इंग्रज तळ्याला नि हौदाला टँक म्हणू लागले. कोशकार मूळ दाखवतात गुजराती टांकूं, मराठी टाकें. पोर्तुगीजांचंही बोट त्यात आहे. म्हणजे माल बराचसा आपलाच. दौलताबादच्या किल्ल्यातली टाकी बघून घ्या. साहेब हा शब्द उचलत होता, साधारण त्याच सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर आणून पाणी खेळवत होता. साहेबानं टाकें नेलं, शेपटीला 'अर' जोडलं, आणि आपण चाकं लावून परत घेतलं. वर मराठवाड्याचा टँकरवाडा झाला म्हणून पेपरात मथळे!

रणगाड्यालाही टँकच म्हणतात. पहिल्या महायुद्धात तो गुपचूप बनवताना पाण्याच्या टाक्या असल्याची बतावणी केली होती. १९१६ साली फ्रान्सच्या रणांगणावर निघाल्या तोफा. पाण्याच्या नावाखाली भलतंच काही चालवायची रीत जुनी आहे.

उच्चार : पहाटे अडीचला, हॉर्न वाजल्यावर, 'आलाऽऽ!'

व्याकरण : एक टँकर, तीन टँकर. अनेकवचनात रूप बदलत नाही. खेपा लिहायच्या लॉगबुकाला हे फार मानवतं.

आता वापर. १२,००० लिटरचा टँकर म्हणजे २०० लिटरची ६० पिंपं. ४५ भरून नळी गळपटली तर वर चढून झाकण उघडू नका, ड्रायव्हरचा अपमान होतो. माणशी २० लिटर धरले तर उरलेले ३,००० लिटर म्हणजे दीडशे माणसांचं दिवसाचं पाणी. पण हिशोब करणारा माणूस गावात भांडखोर ठरतो. सगळ्यात उत्तम, टँकर कोरड्या विहिरीत ओतू द्या. निम्मं पाणी मुरूम पितो, उरलेल्यात तळाचा गाळ उठतो, मग तेच गढूळ पाणी बायांनी नि शाळेतल्या पोरींनी काठावर वाकून दोरानं शेंदायचं. ओल्या दगडावरून पाय सटकला तर? टाकी बसवायला दोन दिवस लागतात, स्टँड नि तोटीसकट. उन्हाळे किती गेले?

पुरे झाली गंमत. मंगळवारी लॉगबुकात तीन खेपा लिहिल्यात, गावात आल्या दोन. तिसरीवर सही कुणी ठोकली? आणि ते पाणी कुठं ओतलं, धाब्यावर की बंगल्याच्या बांधकामावर?